ओटीची बाई

गल्लीतली पोरं मला ओटीची बाई म्हणतात.
नगरपरिषदेच्या पिशवीत ना खण, ना नारळ;
एक काचेची नळी, औषधाची तपकिरी बाटली
आणि रबरबँड लावलेलं रजिस्टर.
तोटीखाली नळी धरायची, दोन थेंब सोडायचे,
पाणी हळदीसारखं पिवळं झालं
की क्लोरीन आहे, घर सुखरूप.
पुढचं दार.

नवऱ्याच्या जागी लागून अकरा वर्षं झाली.
तो टाकीवर पावडर कालवायचा.
त्याच्या शर्टांचा वास अजून कपाटातून जात नाही.

तुळजाराम पहाटे चारला व्हॉल्व्ह फिरवतो.
पाणी आधी बाजारपेठेत, मग कोर्टामागच्या बंगल्यांना,
उतारानं, वळणानं, गटाराच्या कुशीतून
सगळ्यात शेवटी मणियार गल्लीत.
तिथं पोचेस्तोवर त्याला धाप लागलेली असते.
नळ आधी फुसफुसतो, खोकतो,
चहाच्या गाळासारखं काही थुंकतो,
मग येतं.

आणि त्याच्याही आधी ते पुण्याहून आलेलं असतं.
नकाशात पुणं वर, आम्ही खाली.
माझी नणंद कोथरूडला राहते.
तिच्या मोरीत हात धुताना मला उगाच वाटतं,
जा बाबा पुढं, भेटूच आठवड्यानं.

त्या सोमवारी हमीदाबींच्या नळावर
दोन थेंब टाकले, मग चार टाकले.
नळीत पाणी पाण्याच्याच रंगाचं राहिलं,
इतकं नितळ, की कुणी फोटो काढावा.
तपासणीची छोटी बाटली भरून घरी नेली,
देवाजवळ नको म्हणून खिडकीत ठेवली.
सकाळी बघते तर
आत शाई.

कुलथे साहेबांनी बाटली पाहिली, रजिस्टर पाहिलं.
शून्य पॉइंट दोन लिहा, म्हणाले,
नवी लाइन मंजूर आहे, टेंडर निघतंय,
उगा गावभर करू नका.
माणूस वाईट नाही.
टेबलाशेजारी वीस लिटरचा जार होता, निळ्या झाकणाचा.
मी पेन दोनदा झटकलं,
चालत नाही म्हणाले, आणि उठले.

तशीच गेले हमीदाबींकडे.
नातू आसिम शाळेला गेला नव्हता,
पोटाशी उशी धरून कॅरमच्या सोंगट्या मोजत होता.
"ऊन केवढं! बसा," म्हणाल्या,
आणि ताटलीत पेला ठेवून पुढं केला.
माठातलं. काठोकाठ.

मी म्हणाले, नको.

चार थेंबांनी जो बदलला नव्हता
तो रंग या एका शब्दानं बदलला.
या गावात कोण कुणाच्या हातचं पाणी पीत नाही
याचं रजिस्टर त्यांना तोंडपाठ असणार.
"असू द्या," म्हणाल्या. पेला मागं घेतला,
इतक्या हळू, की पाणी हललंसुद्धा नाही.

प्यायले असते तर फार तर आजारी पडले असते.
रजा शिल्लक होती.
पण त्याच पेल्याकडे आसिमनं हात केला.

"हमीदाबी, तुमच्या हातचं नको असं नाही.
नळाचं नको. त्यालाही देऊ नका.
खळखळ उकळा. शेजारीपाजारी सांगा."
आणि ती काळी बाटली काढून
त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती उजेडात धरली, बराच वेळ.
काही बोलल्या नाहीत. आत जाऊन गॅस पेटवला.
पाण्याला उकळी यायला किती वेळ लागतो
हे अकरा वर्षांत मी बसून पाहिलं नव्हतं.
बाया एकेक करून उंबऱ्यात आल्या,
बाटली हातोहात फिरली.
कुणीतरी म्हणालं, ओटीची बाई आज टेकली कशी?

चहा आला, गुळाचा. जीभ भाजून घेत प्यायले.
मग आसिमच्या दप्तरातलं पेन मागितलं.
नमुना सव्वीस. घर शेवटचं.
रंग आला नाही.
खाली सही केली, तारीख टाकली,
आणि टोपण घरंगळलं ओट्याखाली,
ते शोधायला आम्ही दोघी वाकलो.